लन्थोम, लीलावदी, चम्पा

बँकॉकचा फुलबाजार बघायचा तर झोप मोडावी लागते. चाव फ्राया नदीच्या काठाला, जुन्या मेमोरियल पुलाजवळ तो भरतो. नाव पाक क्लोंग तलात, म्हणजे कालव्याच्या तोंडचा बाजार. दिवसाही तो उघडा असतो, पण खरा जोर चढतो मध्यरात्र उलटल्यावर. ऑर्किडच्या जुड्या, बर्फात पुरलेले गुलाब, कमळकळ्यांचे हिरवे भारे आणि झेंडू. झेंडूच्या तर उशीएवढ्या पारदर्शक पिशव्या फूटपाथवर एकावर एक रचलेल्या. दादरच्या फुलबाजाराची सवय असलेल्या माणसाला इथं काहीतरी कमी आहे असं वाटत राहतं. जरा वेळानं कळतं, आरडाओरडा कमी आहे. भाव कुणी ओरडत नाही. विचारला तर समोरची बाई कॅल्क्युलेटरवर आकडा दाबून पुढं करते आणि हसते. त्या हसण्यापुढं घासाघीस करायचा धीर होत नाही. दादरला घासाघीस न करता हार घेतला तर हारवाल्यालाच चुकल्याचुकल्यासारखं होईल.

वयानं मोठ्या विक्रेतीला सगळे 'पा' म्हणतात, म्हणजे मावशी. अशाच एका पा-मावशीच्या पाटापाशी मी बराच वेळ उभी होते. हातभर लांबीच्या सुईत ती भराभर फुलं ओवत होती: मोगऱ्याच्या कळ्या, मध्येच लाल गुलाबाची पाकळी, आणि एक पांढरं, मेणानं घडवल्यासारखं, छोट्या मुकुटाचं फूल. ते मी लगेच ओळखलं. रुई! पांढऱ्या रुईचे ढीगच्या ढीग तिथं विकायला होते.

आपल्याकडे रुई म्हणजे शनिवार, मारुती, पानांची माळ आणि तेल. एरवी ती उगवते माळरानात नाहीतर उकिरड्याच्या कडेला, आणि चीक डोळ्यात गेला तर डोळा जाईल अशी भीती आज्यांनी लहानपणीच घालून ठेवलेली असते. जुन्या काळी एखाद्याचं तिसरं लग्न ठरलं की आधी त्याचं रुईच्या झाडाशी लग्न लावत. त्याला अर्कविवाह म्हणत. तिसरेपणाचं अरिष्ट झाडानं घ्यायचं आणि बाईनं चौथी म्हणून सुखानं घरात यायचं. थाई भाषेत मात्र या फुलाचं नाव 'दोक रक'. दोक म्हणजे फूल आणि रक म्हणजे प्रेम. एवढ्याच कारणानं लग्नाच्या हारात ते हवंच. आपल्याकडे लग्नातलं संकट अंगावर घेणारं झाड तिथं नवरानवरीच्या गळ्यात प्रेम म्हणून पडतं.

रुईनं काय केलं म्हणून तिला हा मान मिळाला? काही नाही. तिचं नाव कानाला गोड लागलं. पुढच्या सगळ्या प्रवासात मला ही एकच गोष्ट वेगवेगळ्या झाडांवर दिसत राहिली. आपल्या फुलांचे अर्थ देवांशी बांधलेले असतात. जास्वंद गणपतीला, बेल शंकराला, केवडा शंकराला चालत नाही, आणि प्रत्येक नियमामागे एक पुराणातली गोष्ट. थाई माणसाचा नियम बहुतेक वेळा कानाशी बांधलेला आहे. झाडाचं नाव दुसऱ्या कुठल्या शब्दासारखं ऐकू येतं, त्यावर ते दारात येणार की वेशीबाहेर राहणार हे ठरतं.

बाजारातून निघताना पा-मावशीनं मला कमळकळीच्या पाकळ्या दुमडायला शिकवलं. बाहेरची एकेक पाकळी आत मुडपत न्यायची, की हिरव्या कळीतून गुलाबी चुण्यांचं फूल तयार होतं. बुद्धापुढे तीन उदबत्त्या, एक मेणबत्ती आणि असं एक कमळ ठेवतात. आपण कळी उमलायची वाट बघतो. इथं ती बोटांनी उमलवतात. मी सवयीनं ते नाकाशी नेणार, तर पा-मावशीनं मान हलवून खूण केली, नको. देवाच्या फुलाचा वास आधी आपण घ्यायचा नाही. हे मात्र मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

सकाळी रस्त्यात टॅक्सी थांबली की पोरं काचेशी येऊन हार विकतात. चालक एक घेतो, हात जोडतो आणि आरशाला अडकवतो. वाहनाची राखण करणारी देवी असते, 'मे या नांग', तिच्यासाठी. बाया केसांत गजरा माळत नाहीत, मोगऱ्याचा एवढा महापूर असूनही. मोगरा इथं 'मली', आपल्या मल्लिकेचीच बहीण, आणि तो आईचं प्रतीक. १२ ऑगस्टला, राणी सिरिकित यांच्या जन्मदिनी, देशभर मातृदिन असतो आणि मुलं आईच्या पायाशी बसून तिला मोगरा देतात. आपल्याकडे मोगऱ्याभोवती आधी शृंगार जमतो, आई फार नंतर आठवते. झेंडूला इथं 'दाव रुआंग' म्हणतात. दाव म्हणजे तारा आणि रुआंग म्हणजे झळाळणारा, भरभराटीचा. ऑक्टोबर २०१७मध्ये राजे भूमिबल यांचे अंत्यसंस्कार झाले, तेव्हा ऐन वेळी फुलावा म्हणून देशभर झेंडू लावला होता. राजांचा जन्म सोमवारचा, सोमवारचा रंग पिवळा, म्हणून झेंडू. दसऱ्याच्या तोरणात आपण जो पिवळा रंग आनंदाचा मानतो, त्याच रंगात एक देश शोक करत होता.

बँकॉकमध्ये मी जिच्याकडे उतरले होते ती बाई शाळेतून निवृत्त झालेली. शेजारीपाजारी तिला आदरानं 'ख्रू' म्हणत, म्हणजे गुरू. तिनं मला शाळांतल्या गुरुपूजनाबद्दल सांगितलं. ते शक्यतो गुरुवारी होतं. मुलं तबकात चार वस्तू आणतात: दूर्वा, कारण ती भराभर पसरते तशी विद्या पसरावी, 'खेम'ची, म्हणजे आपल्या पेंटगुळाची फुलं, कारण खेम म्हणजे सुई, बुद्धी तशी टोकदार व्हावी, वांग्याची फुलं, कारण ती खाली मान घालतात, शिष्यानं तसं नम्र असावं, आणि भाताच्या लाह्या. गणपतीची दूर्वा शिक्षकाच्या हातात बघून मला बरं वाटलं. वांग्याच्या फुलाला मात्र जगात कुठंतरी मान आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आपण त्याचं फक्त भरीत करतो.

याच ख्रूबरोबर एका वाटात गेले. वाट म्हणजे मंदिर आणि विहार दोन्ही. मागच्या अंगाला, लोकांच्या अस्थी ठेवलेल्या छोट्या स्तूपांच्या ओळीत, एक जुना पांढरा चाफा होता. वाकडातिकडा, पानं झडलेली आणि अंगभर फुललेला. मी मूळची कोकणातली. गावच्या देवळाच्या आवारात असाच देवचाफा आहे आणि त्याची फुलं पहाटे वेचायची ती देवीच्या पायाशी वाहायला. मी खाली पडलेलं फूल उचललं, तशी ख्रू म्हणाली, "हे घरी नेऊ नकोस."

या झाडाचं जुनं थाई नाव 'लन्थोम'. थाईत 'रथोम' म्हणजे दुःख, काळजातली वेदना. दोन शब्दांचा एकमेकांशी तसा संबंध नाही, उच्चार जवळ आहेत इतकंच. पण तेवढ्यावर हे झाड पिढ्यान्‌पिढ्या देवळाच्या आणि स्मशानाच्या आवारात राहिलं, घराच्या कुंपणात आलं नाही. मग बागा आणि रिसॉर्टं सजवणाऱ्यांचा काळ आला. त्यांना हे झाड हवं होतं, नाव नको होतं. तेव्हा नवीन नाव चालू झालं, 'लीलावदी'. म्हणजे लीलावती, डौलदार स्त्री. आता समुद्रकाठच्या प्रत्येक हॉटेलच्या दारात ती उभी असते, मालिशवाल्या बाया तिची फुलं गिऱ्हाइकाच्या उशाशी ठेवतात, आणि जुन्या झाडाला भक्कम किंमत येते. भास्कराचार्यांनी ११५०मध्ये गणिताच्या ग्रंथाला दिलेलं नाव बँकॉकच्या रोपवाटिकेत पाटीवर वाचताना मला हसू आलं. ख्रूला विचारलं, आता नाव बदललं, आता तरी लावाल का दारात? तिनं शांतपणे सांगितलं, हॉटेलात असेल तर मी लीलावदी म्हणते. माझ्या दारात आलं तर ते लन्थोमच.

माझ्या मते तिचं बरोबर होतं. व्यापाऱ्यांनी नाव बदललं म्हणून भीती जात नाही. ती फक्त सुट्टीवर जाते.

ईशान्येकडं, इसान प्रांतात, गाडी शिरली की हिरवा रंग ओसरतो. तांबडी माती, कापलेली भातखाचरं, उन्हात सुस्त पडलेल्या म्हशी. एप्रिलचा सुरुवातीचा काळ, आणि रस्त्याच्या कडेनं बहावा पेटलेला. हे थायलंडचं राष्ट्रीय फूल. त्याचं थाई नाव 'राचप्रुक', म्हणजे राजवृक्ष, आणि हे नाव थेट अमरकोशातलं आहे. आपण घरचे लोक ते विसरून गेलो आणि बहावा म्हणू लागलो. खोन केन शहरात याच कुळातलं, गुलाबी फुलांचं आणखी एक झाड भेटलं. त्याला तिथं 'कनलपप्रुक' म्हणतात. उच्चार सावकाश केला की कळतं, कल्पवृक्ष! इंद्राच्या नंदनवनातला वृक्ष विद्यापीठाच्या रस्त्याला दुतर्फा उभा आणि खाली मुलं स्कूटर लावून आइस्क्रीम खातायत.

इसानात मी एका शेतकरी कुटुंबात राहिले. घर लाकडी, खांबांवर उचललेलं, खाली झोपाळा आणि कोंबड्या. चिकट भात बांबूच्या छोट्या टोपलीत येतो. हातानं त्याचा गोळा वळायचा आणि तिखटजाळ चटणीत बुडवायचा. काटेचमचे कुणी मागत नाही. जेवणात फुलं भरपूर. हादग्याची फुलं आंबट रश्श्यात होती. ऋतू पालटताना येणाऱ्या तापावर ती चांगली, असं म्हणतात. कडुलिंबाचा मोहोर उकळून गोड चटणीबरोबर खातात. पाडव्याला गुळाबरोबर चार पानं चावून आपण तोंड वाकडं करतो, ही माणसं वाडगा भरून खात होती. गोकर्णीची फुलं पाण्यात टाकून निळं सरबत केलं होतं. त्याच फुलाचा रस तान्ह्या बाळाच्या भुवयांना चोळतात, दाट आणि काळ्या व्हाव्यात म्हणून. रात्री मासे आंबवून केलेल्या खाराचा वास मात्र मला सोसला नाही. मी पपईच्या सॅलडमधून तो वगळायला सांगितला, तेव्हा आजीनं माझ्याकडे अपार दयेनं बघितलं.

अंगण म्हणजे शब्दकोशच होता. पुढच्या बाजूला 'मयोम'चं झाड, म्हणजे आपला रायआवळा. का, तर 'नियोम' म्हणजे लोकांत मान, लोकप्रियता. मागच्या बाजूला फणस. फणस म्हणजे 'खनुन' आणि 'नुन' म्हणजे पाठीशी उभं राहणं, आधार. म्हणून तो घराच्या पाठीशीच हवा. मी विचारलं, अशोक? आजीनं हात झटकला. जुन्या थाई बोलीत अशोकाच्या नावातला 'अ' गळून गेला आणि उरला 'सोक'. सोक म्हणजे शोक. ज्याच्या सावलीत शोक राहत नाही म्हणून आपल्या पूर्वजांनी ज्याचं नाव अशोक ठेवलं, तेच झाड एक अक्षर गळल्यामुळे इथं दारातून हद्दपार. बँकॉकमध्ये मेट्रोच्या एका स्टेशनाचं नाव मात्र 'असोक' असं पूर्ण अक्षरांचं आहे. तिथून रोज हजारो माणसं निर्धास्त जातात.

हे वाचून आपण हसायचं कारण नाही. आपण घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. बांगडी फुटली तर 'वाढवली', मंगळसूत्र तुटलं तर 'वाढवलं', दुकान बंद केलं तर 'वाढवलं', देवापुढचा नारळसुद्धा आपण फोडत नाही, वाढवतो. संपण्याचा शब्द तोंडातून निघू नये म्हणून मराठी माणसानं एकाच क्रियापदावर केवढा भार टाकलाय! फरक एवढाच की आपण शब्द बदलला आणि वस्तू तशीच ठेवली. थाई माणसानं शब्द तसाच ठेवला आणि झाड कुंपणाबाहेर काढलं.

त्या घराच्या कोपऱ्यातही एक पांढरा चाफा होता. मी आजीला विचारलं, हा घरात कसा चालतो? तिला प्रश्नच समजला नाही. ती म्हणाली, ही तर चम्पा. बँकॉकला नोकरी करणारा नातू शेजारी बसला होता. त्यानं हसत दुरुस्ती केली, लीलावदी. एका माचावर बसलेल्या दोन पिढ्यांत दोन झाडं होती आणि खोड एकच होतं. इसानची जुनी माणसं मुळात लाओ भाषा बोलतात. त्यांच्या कानात लन्थोम कधी शिरलंच नव्हतं.

नोंग खाय हे थायलंडचं शेवटचं गाव. तिथून मेकाँगवर १९९४मध्ये झालेला मैत्रीपूल ओलांडला की लाओस. पलीकडे विएन्तियान, लाओ उच्चारात 'वियंगचन', म्हणजे चंदनाचं नगर. राजधानी असून तालुक्याच्या गावासारखी निवांत. फ्रेंचांनी मागं ठेवलेले पाव रस्त्यावर मिरची आणि कोथिंबीर घालून मिळतात. दुपारी दुकानदार गल्ल्याशीच डुलकी काढतो, त्याला उठवायचं म्हणजे आपल्यालाच अपराधी वाटतं. आणि जिथं बघावं तिथं पांढरा चाफा. सरकारी कचेरीच्या दारात, शाळेच्या फाटकावर, हॉटेलातल्या मुलीच्या अंबाड्यात, बायकांच्या सिनच्या, म्हणजे लुंगीसारख्या वस्त्राच्या, काठावर विणलेला. 'दोक चम्पा' हे लाओसचं राष्ट्रीय फूल आहे. नदीच्या एका काठाला हे झाड स्मशानातलं. दुसऱ्या काठाला ते पाहुण्याच्या स्वागताला उभं. मधे पाणी किती? होडीनं गेलं तर एक चहा संपायच्या आत पलीकडे.

गंमत अशी की 'चम्पा' हा शब्द थाई भाषेतही आहे, पण तिथं तो सोनचाफ्याला लावतात, म्हणजे संस्कृतातल्या चंपकाला. त्याचा पांढरा भाऊ 'चम्पी', आणि थाई एअरवेजच्या चिन्हाला लोक लाडानं चम्पीच म्हणतात. लाओ एअरलाइन्सच्या विमानाच्या शेपटीवर दोक चम्पा. शेजारच्या दोन देशांची विमानं आकाशात एकमेकांना ओलांडतात ती दोन चाफे घेऊन, आणि दोघांनाही चाफा म्हणणारे फक्त आपण. मराठीत सोनचाफा, पांढरा चाफा, हिरवा चाफा, नागचाफा, कवठी चाफा, भुईचाफा. यांतली बहुतेक झाडं एकमेकांची नातेवाईकही नाहीत. आपण वासावरून सगळ्यांना एका आडनावाखाली घेतलं. त्यातही पांढरा चाफा तर अस्सल परका. त्याचं माहेर मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटं. म्हणजे कोलंबसाच्या आधी तो आशियात असण्याचं कारण नाही, आणि जुन्या संस्कृत काव्यातल्या चंपकाशी त्याचा काहीही संबंध नाही. आमच्या गावचा 'फार प्राचीन' देवचाफा फार तर चारपाचशे वर्षांचा पाहुणा. फिलिपिन्समध्येही तो कबरस्तानाशी जोडलेला आहे. आपल्याकडे तर तो देवळातही दिसतो आणि कबरस्तानातही, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

लुआंग प्रबांगला पोचले तेव्हा गाव नववर्षाच्या तयारीत होतं. मेकाँग आणि नाम खान यांच्या बेचक्यातलं हे जुनं राजधानीचं गाव १९९५पासून जागतिक वारसा आहे. पहाटे भिक्षू अनवाणी ओळीनं येतात, बाया गुडघ्यांवर बसून प्रत्येकाच्या पात्रात चिकट भाताचा चिमूटभर गोळा ठेवतात. कुणी बोलत नाही. अंतर ठेवा, फ्लॅश मारू नका, अशा पाट्या जागोजाग आहेत आणि पर्यटक त्यांच्याच शेजारी उभे राहून फ्लॅश मारतात. वारीत दिंडीच्या तोंडासमोर कॅमेरा धरणाऱ्यांची मला आठवण झाली.

मी उतरले होते त्या घरच्या मुलीचा 'बासी' नावाचा विधी होता, ती शिकायला परगावी निघाली होती. केळीच्या पानांचे सुळके, त्यांत खोचलेला झेंडू आणि तीच आपली पांढरी रुई, असा एक उंच मनोरा मध्यावर. माणसाच्या अंगात बत्तीस 'ख्वान', म्हणजे प्राणतत्त्वं असतात. प्रवासात, आजारपणात, भीतीनं त्यांतली काही भटकायला जातात. त्यांना हाक मारून परत बोलवायचं आणि मनगटावर पांढरा दोरा बांधून आत कोंडायचं. मुलगी मला 'एउआय' म्हणत होती, म्हणजे ताई. तिच्या आजोबांनी माझ्याही हातावर दोरा बांधला आणि बजावलं, निदान तीन दिवस काढू नकोस, आणि काढशील तेव्हा कात्रीनं कापू नकोस, सोड. मग सगळ्यांनी भात, अंडी आणि भाताची दारू घेतली. मी दारूला नुसतं बोट लावलं. कुणी आग्रह केला नाही.

नववर्षाला, 'पी माय'ला, राजवाड्यातली प्रबांग बुद्धाची मूर्ती मिरवणुकीनं वाट माय या विहारात आणतात. लोक चाफ्याची फुलं घातलेलं पाणी तिच्यावर ओततात, मग वडीलधाऱ्यांच्या हातावर, आणि मग जो समोर येईल त्याच्या अंगावर. मेकाँगच्या वाळूत स्तूप रचतात आणि त्यावर फुलं खोचतात.

तुम्हाला जायचं असेल तर एप्रिलच्या मध्याला जा. चाफा तेव्हा ऐन भरात असतो. कपडे जुने घाला, फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, आणि लाओसमध्ये कुणी कानात पांढरा चाफा खोचला तर खुशाल राहू द्या. परतीचा रस्ता थायलंडमधून असेल आणि तिकडे एखाद्या म्हाताऱ्या बाईच्या घरी जाणार असाल, तर तेवढा दाराबाहेर काढून ठेवा.